एसएमपीएसचे अकराशे रुपये



गेले काही दिवस इथे घरातल्या जुन्या वस्तूंच्या आठवणी वाचतोय. कुणी तांब्याच्या बंबावर लिहिलं, कुणी जात्यावर, कुणी वडिलांच्या रेडिओवर. माझ्याकडची वस्तू जरा वेगळी आहे. ती एक यादी आहे. वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेली आणि लाल शाईने तीन ठिकाणी काट मारलेली. निळी शाई मुलाची, लाल शाई माझी. तारीख १७ जानेवारी १९९९, रविवार. बँकेत उभा जन्म गेल्यामुळे कागद फेकवत नाही. त्यामुळे हा कागद राहिला, आणि त्यामुळेच २०२१ च्या दिवाळीत मला माझ्या नातवासमोर एक कबुली द्यावी लागली. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घराणं शिंद्यांच्या अमलात माळव्यात आलं, तुमच्यापैकी अनेकांचं आलं तसंच. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण आमचे पूर्वज क्षिप्रेकाठीच राहिले. लेखणी चालवायची आणि हिशेब ठेवायचा, हा पिढ्यानपिढ्याचा धंदा. मी विक्रम विद्यापीठाचा बी.कॉम. १९७३ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि २०११ मध्ये अधिकारी म्हणून बाहेर पडलो. माझे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादाच म्हणत, शाळामास्तर होते.

बँकेत कॉम्प्युटर आला तो भांडतच आला. आम्ही युनियनवाले. बिल्ले लावून गेटवर घोषणा दिल्या आहेत. मशीन आलं की पोरांच्या नोकऱ्या जाणार, ही भीती खरी होती. ८ सप्टेंबर १९८३ ला बँक संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दल पहिला करार झाला. कुठे किती यंत्रं येतील, हे त्यात ठरलं. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. मग शाखांमध्ये एएलपीएम नावाची लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. आमच्या शाखेत ते १९८९ मध्ये आलं.

त्या दिवसाची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मशीन खोक्यातून निघालं, टेबलावर बसलं, मॅनेजर साहेबांनी नारळ आणून ठेवला. पण आलेला तरुण इंजिनिअर मशीन चालूच करेना. त्याने खिशातून मीटर काढला, प्लगमध्ये खुपसला आणि म्हणाला, "साहेब, अर्थिंग बरोबर नाही." शाखेच्या मागच्या अंगणात खड्डा खणला गेला, त्यात धातूची पट्टी, मीठ आणि कोळसा घालून नवं अर्थिंग झालं. यूपीएस आला. चार दिवसांनी नारळ फुटला. आम्ही युनियनवाले हसलो, म्हटलं, सुनेच्या आधी तिचा पलंग यायचा तशातली गत! पण ते यंत्र माझ्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं चाललं. बॅलन्सिंगला सात पैशांचा फरक शोधत रात्री अकरा वाजेपर्यंत बसणारे आम्ही, साडेसहाला घरी जायला लागलो.

आता १९९९. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्याला कॉम्प्युटर हवा होता. अभ्यासासाठी, असं तो म्हणाला. गेम खेळण्यासाठी, हे मला ठाऊक होतं. दादा नुकते निवृत्त झाले होते, त्यांनाही हवा होता, कारण त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. मी पस्तीस हजारांची मर्यादा घातली. कंपनीचा तयार कॉम्प्युटर त्यात बसत नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, असेंबल करू. भाग सुटे आणायचे आणि जोडायचे."

सुट्या भागांतून कॉम्प्युटर जोडता येतो, यामागे मोठा इतिहास आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. घाई होती, म्हणून सगळं घरी बनवण्याऐवजी त्यांनी बाजारात मिळणारे भाग वापरले. प्रोसेसरही इंटेलचा ८०८८ घेतला. रचना उघड होती, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांनी तशीच यंत्रं काढली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं आणि कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कंपनीच्या डब्यात बसू लागला. १९९७ मध्ये आपला देश माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक व्यापार करारात सामील झाला आणि या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्याकडे निघालं. म्हणून १९९९ मध्ये इंदूरच्या दुकानात उभं राहून माझ्यासारखा पगारदार माणूस प्रोसेसरचा भाव करू शकत होता.

मुलाने यादी केली. प्रोसेसर इंटेल सेलेरॉन ३००-ए. मी म्हटलं, पेंटियम का नाही? तर त्याने मला जे समजावलं ते अजून आठवतं. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने स्वस्त चिप काढली, ती सेलेरॉन. स्वस्त करायला तिच्यातून कॅश काढून टाकली होती. कॅश म्हणजे रोकड नव्हे, प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान स्मृती. कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये सुटे पैसे नसले की प्रत्येक ग्राहकासाठी स्ट्राँगरूममध्ये जावं लागतं, तशी त्या चिपची अवस्था झाली. लोकांनी नावं ठेवली. मग ऑगस्टमध्ये ३००-ए आली. तिच्यात कॅश होती फक्त १२८ केबी, पेंटियम-२ च्या चौथाई, पण ती चिपमध्येच बसवलेली आणि प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. पेंटियम-२ ची कॅश मोठी, पण अर्ध्या वेगाची. परिणामी अर्ध्याहून कमी किमतीची चिप बऱ्याच कामांत मोठ्या भावाच्या बरोबरीने धावू लागली. म्हणजे ड्रॉवर लहान, पण कॅशियरच्या हाताशी. हे मला एकदम पटलं. सेलेरॉन मंजूर.

मग मी लाल पेन काढलं. बेरीज पस्तीसच्या वर जात होती. पहिली काट ग्राफिक्स कार्डवर. ते गेमसाठी होतं, मुलाने मान खाली घातली पण बोलला नाही. दुसरी काट यूपीएसवर, साडेतीन हजार वाचले. तिसरी काट कॅबिनेटवर. मुलाने अडीच हजारांचं लिहिलं होतं, चांगल्या एसएमपीएससकट. दुकानदाराकडे चौदाशेचंही होतं. दिसायला तेच, उलट पुढे निळा दिवा जास्तीचा. मी चौदाशे लिहिलं. वाचले अकराशे. मुलगा म्हणाला, "बाबा, एसएमपीएस चांगला पाहिजे." मी म्हटलं, "अरे, वीज ती वीज. डब्याला कोण बघतंय?"

दहा वर्षांपूर्वी शाखेच्या अंगणात मीठ-कोळशाचा खड्डा खणताना मी स्वतः उभा होतो. तरी हे म्हणालो. बँकेचा पैसा होता तेव्हा अर्थिंग लागत होतं, घरचा पैसा लागला तेव्हा नाही!

दादांनी त्या कॉम्प्युटरचं सोनं केलं. साठीच्या माणसाने इनस्क्रिप्ट कळफलक शिकला. मराठी टंकनाचाही इतिहास गंमतीचा आहे. डॉसच्या काळात देवनागरी दिसायला यंत्रात वेगळं जिस्ट कार्ड खोचावं लागे. हे तंत्र आयआयटी कानपूरच्या कामातून निघालं आणि पुण्याच्या सी-डॅकने देशभर नेलं. म्हणजे एकेकाळी मराठी हीसुद्धा पैसे मोजून यादीत लिहायची वस्तू होती. १९९९ पर्यंत विंडोजवर कार्ड लागेनासं झालं होतं, फॉन्ट पुरत होते. फक्त प्रत्येक फॉन्टची आपली वेगळी सांकेतिक बाराखडी. एका फॉन्टात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की चिनी-जपानी दिसायचं.

दादा रोज सकाळी पोहे खाऊन बसत ते बारापर्यंत. ग्वाल्हेर, देवास, धार, इंदूर, कोकणातलं मूळ गाव, सगळीकडे पत्रं. आणि त्यांनी एक गोष्ट अशी केली जी जुन्या कुलवृत्तांतांत फारशी केलेली नसायची. वंशवृक्षात नुसते पुरुष असतात, बायका "सौ." म्हणून एका ओळीत उरकतात. दादा घराण्यातल्या म्हाताऱ्या आत्या, काकवा, माम्या यांच्याकडे जाऊन बसत. तुमचं माहेरचं नाव काय, आईचं माहेर कुठलं, किती मुली झाल्या, त्या कुठे दिल्या. ऐंशी-पंच्याऐंशीच्या बायका. त्या आठवून आठवून सांगत, दादा टिपून आणत आणि टंकून टिपण फाडून टाकत. "आता मशीनमध्ये आहे ना," म्हणत. १८० पानं झाली होती.

२००२ चा मे महिना. ज्यांनी त्या वर्षांतलं मध्य प्रदेश पाहिलंय त्यांना विजेबद्दल सांगायला नको. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि इकडे अंधार. बत्ती जायची तेव्हा जायची, पण यायची ती रागावल्यासारखी. त्या दिवशी दुपारी दोनला गेली आणि चारला आली. आली तेव्हा बल्ब एकदम लख्ख झाला, पंखा गरगरला आणि आतल्या खोलीत "फट्" असा आवाज आला. दादा आत्ताच उठून पाणी प्यायला गेले होते. जळक्या वासाने सगळे धावलो.

एसएमपीएस म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो. भिंतीतून येते २३० व्होल्टची वीज. आतल्या भागांना लागतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. हा फरक करणारा तो डबा. चांगल्या डब्यात पहारेकरी असतो. दाब वाढला, शॉर्ट झालं, की तो आधी स्वतः बंद होतो आणि बाकीच्यांना वाचवतो. आमच्या डब्यात पहारेकरी नव्हता. तो जळाला आणि जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेला.

आतल्या तबकड्या शाबूत असू शकतात, मुंबईला माहिती काढून देणारे लोक आहेत, असं कुणीतरी सांगितलं. फोन केला तर खर्च पंचवीस-तीस हजार. दादा म्हणाले, "नको. त्यात दुसरा कॉम्प्युटर येईल. पुन्हा लिहू." त्यांनी पुन्हा लिहिलं, वहीत, हाताने. तीन वह्या. पुरुषांची वंशावळ पत्रांवरून पुन्हा उभी राहिली. पण ज्या आत्या-काकवांनी सांगितलं होतं, त्यातल्या बहुतेक त्या दोन-तीन वर्षांत गेल्या होत्या. तिथे दादांनी जागा कोऱ्या ठेवल्या. २००७ मध्ये दादाही गेले. सगळे विजेला शिव्या देत होते, मीही देत होतो. लाल काट माझी होती, हे मुलगा जाणत होता. वीस वर्षांत एकदाही बोलला नाही. मीही नाही.

आता २०२१. नातू दहावीला. लॉकडाऊनमध्ये वर्ग घरूनच, डोळे मोबाईलवर. त्याला गेमिंग पीसी हवा होता. त्याचे वडील आता इंदूरला कॉलेजात शिकवतात, रोज अप-डाउन करतात. त्यांनी सांगितलं, "आजोबांना विचार, घरातलं बजेट तेच पास करतात." मी पन्नास हजार मंजूर केले. मॉनिटर, कीबोर्ड घरात होते. नातू तासाभरात यादी घेऊन आला. वाचतो तर काय, जवळपास निम्मी रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डावर, उरलेल्यात ओढाताण, आणि सगळ्यात खाली: एसएमपीएस, लोकल, ९०० रुपये.

माझ्या पोटात गोळा आला.

मी म्हटलं, "बाळा, आपण यादी खालून वर वाचू." आणि त्या रात्री आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर बसलो. त्या दोघांनी मला शिकवलं, मी त्यांना हिशेब शिकवला.

पहिला प्रश्न, ग्राफिक्स कार्ड एवढं महाग का? कळलं की त्या वर्षी जगभर चिपांचा तुटवडा होता, आणि वरून इथेरियम नावाचं आभासी चलन "खणायला" लोक हीच कार्डं डझनावारी घेत होते. दोन वर्षांपूर्वी बारा-तेराला मिळणारं साधं कार्ड पंचवीसला विकलं जात होतं. बँकवाल्याला हे ओळखीचं. भाव फुगलेला असताना गरजेपोटी घेणारा नेहमी बुडतो. मी म्हटलं, "कार्ड आज घ्यायचंच नाही." नातवाचा चेहरा पडला. अगदी त्याच्या बापाचा १९९९ मधला चेहरा. पण या वेळी त्याच्या बापाने तोड काढली. एएमडीचा रायझन ५ ५६००-जी म्हणून प्रोसेसर त्याच ऑगस्टमध्ये आला होता. सहा कोअर, आणि चित्र काढणारा भाग पोटातच. जड गेम मंद चालतील, पण हलके गेम आणि अभ्यास आरामात. आणि बोर्डावर कार्डाची जागा रिकामी राहील. भाव उतरला की खोचायचं. म्हणजे ठेव मोडायची नाही, मुदत पूर्ण होऊ द्यायची.

दुसरा मुद्दा रॅमचा. नातवाने १६ जीबीची एकच पट्टी लिहिली होती. मुलाने ती खोडून ८ च्या दोन केल्या. का? तर पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, तो रॅममधूनच उसनी घेतो. दोन पट्ट्या असल्या की दोन खिडक्या उघड्या, रांग निम्मी. रक्कम जवळपास तेवढीच, वेगात मात्र डोळ्याला दिसेल एवढा फरक. हे गणित मला फार आवडलं. पैसा न वाढवता फक्त नीट मांडला की काम वाढतं.

तिसरा, डिस्क. जुनी फिरती तबकडी नको, ५०० जीबीची एसएसडी.

चौथा, एसएमपीएस. इथे मी दोघांनाही बोलू दिलं नाही. बेरीज मी केली. प्रोसेसर ६५ वॉट, उद्या येणारं मधल्या पट्टीतलं कार्ड १३० च्या आसपास, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून पन्नास-साठ. एकूण अडीचशे. त्याच्या दुप्पट धरून ५५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या हमीचा. डब्यावर "८० प्लस ब्राँझ" असं लिहिलेलं असतं. मुलाने सांगितलं, "८० प्लस" ही खूण २००४ पासून आहे, आणि ती फक्त विजेची बचत सांगते. घेतलेल्या विजेतली ऐंशी टक्क्यांहून जास्त कामाला लागते, बाकीची उष्णता. पहारेकरी आहे की नाही, ते वेगळं बघावं लागतं. जास्त दाब, जास्त प्रवाह आणि शॉर्ट सर्किट या तिन्हींचं संरक्षण कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. आणि उज्जैनच्या मे महिन्यात पारा ४४ ला जातो, धूळ घरभर. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं, पंखे दोन, काचेची मिजास नको.

"आजोबा, एसएमपीएसवर चार हजार? त्याने एक फ्रेमसुद्धा वाढत नाही!" नातू म्हणाला.

मुलगा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, तुम्ही चार हजार म्हणताय?"

मग मी उठलो, कपाटातून जुनी डायरी काढली आणि ती यादी टेबलावर ठेवली. निळी शाई, लाल शाई. नातवाला सगळं सांगितलं. कुलवृत्तांत कसा गेला, विजेने नाही, अकराशे रुपयांनी गेला. आणि बँकेत जे शिकलो ते घरी विसरलो म्हणून गेला. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तेव्हा जोर द्यायला हवा होता, बाबा." मी म्हटलं, "तू अठराचा होतास. पेन माझ्या हातात होतं."

अंतिम हिशेब डायरीतून उतरवतो. प्रोसेसर २१,०००. बोर्ड ७,६००. रॅम ५,९००. एसएसडी ४,३००. एसएमपीएस ४,१००. कॅबिनेट ३,२००. यूपीएस ३,४००. एकूण ४९,५००. उरलेल्या पाचशेत आम्ही तिघांनी इंदूरला पोहे-जिलबी खाल्ली आणि मग सिल्व्हर मॉलमधून भाग उचलले. त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग नवं करून घेतलं. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकताना मला १९८९ आठवलं.

जोडणी झाली त्या रविवारी नातवाने विचारलं, "आजोबा, स्वस्त भागांतून खरंच मोठं मशीन होतं का?" मी त्याला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांची गोष्ट सांगितली. अमेरिकेने हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. त्यांनी एक महाबलाढ्य चिप बनवायचा हट्ट धरला नाही. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश प्रोसेसर घेतले आणि अनेक एकत्र जोडून, काम वाटून देऊन, १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. करामत होती ती जोडणीत.

आणि दुसऱ्या रविवारी त्याला आपल्या वेधशाळेत घेऊन गेलो. सवाई जयसिंगांनी आधी पितळेची यंत्रं वापरून पाहिली होती. ती लहान, त्यांचे आस झिजतात, मापं हलतात. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची मोठाली यंत्रं बांधली. उज्जैनची वेधशाळा पुढे मोडकळीला आली, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली, आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांपाशी मी त्याला म्हटलं, "बघ, ज्यावर सगळं उभं राहणार त्यात कसर नाही केली, म्हणून तीनशे वर्षांनीही सावली वेळ सांगते." तो म्हणाला, "आजोबा, समजलं, एसएमपीएस!" दोघेही हसलो.

कार्डाचं काय झालं? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांनी "खणणं" बंद झालं. भाव उतरले. त्या दिवाळीला नातवाने वर्षभर साठवलेले पैसे आणि माझी थोडी भर, असं मिळून रेडिऑन आरएक्स ६६०० घेतलं. एक वर्ष थांबल्याने आमच्या अंदाजाने दुप्पट ताकदीचं कार्ड पदरात पडलं. यूपीएस मात्र मोठा घ्यावा लागला. त्यावर लिहिलेले ६०० म्हणजे व्होल्ट-अँपिअर, प्रत्यक्षात साडेतीनशे-चारशे वॉटच मिळतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. दर्शनी किंमत वेगळी आणि वसुली वेगळी, हे बँकवाल्याने तरी आधी ओळखायला हवं होतं.

शेवटची गोष्ट सांगून थांबतो. ती यादी बघितल्यापासून नातवाच्या डोक्यात दादाआजोबांचा कुलवृत्तांत बसला होता. एक दिवस माळ्यावरून तो दादांची जुनी ट्रंक खाली घेऊन आला. तळाशी पाच फ्लॉपी. मुलाने २००१ मध्ये दादांच्या मागे लागून करून घेतलेल्या प्रती, ज्या सगळेच विसरलो होतो. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. चार फ्लॉपी उघडल्याच नाहीत, बुरशी होती. पाचवी उघडली, पण पडद्यावर नुसती गिचमिड. जुना फॉन्ट. नातवाने आणि त्याच्या वडिलांनी दादांच्या वहीतला मजकूर शेजारी ठेवून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, असा तक्ता केला. मग नातवाने छोटा प्रोग्राम लिहिला. ज्या यंत्रावर रात्री गाड्या पळतात आणि गोळीबार होतो, त्याच यंत्रावर एका दुपारी एकेक ओळ युनिकोडात उलगडायला लागली.

तेवीस पानं मिळाली. १८० पैकी तेवीस. पण ती नेमकी आत्या-काकवांच्या आठवणींची पानं होती. वहीतल्या कोऱ्या जागांपैकी एकतीस भरल्या. माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. ते नातवाने मोठ्याने वाचलं तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "पुन्हा वाच."

ते यंत्र अजून उत्तम चालतंय. नातू आता इंजिनिअरिंगला आहे. कुलवृत्तांताच्या प्रती तीन ठिकाणी आहेत: या यंत्रात, एका बाहेरच्या डिस्कवर, आणि छापून माझ्या कपाटात. यादी मात्र मी पुन्हा डायरीत ठेवली आहे. तिच्या लाल काटेखाली मी या वेळी तारीख आणि सही केली. एवढी एक नोंद बाकी होती.

मंडळी, तुमच्याही घरात जुन्या फ्लॉपी, सीडी, बंद पडलेल्या डिस्क असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा नातवंडांना दाखवा. आणि तुमच्या आजीचं, पणजीचं माहेरचं नाव तुम्हाला ठाऊक असेल, तर आजच कुठेतरी लिहून ठेवा. खाली लिहिलंत तरी चालेल, मी वाचतोय.